स्वस्तातली बुलपप एअर रायफल: घ्यावी की थांबावं?

लेस्टरवासी

नमस्कार मंडळी. मुक्काम इंग्लंड, फायरआर्म सर्टिफिकेट नाही, त्यामुळे १२ फूट-पाउंड ऊर्जेच्या आतलीच पीसीपी (टाकीत दाबाने हवा भरून ठेवायची एअर रायफल) बघतोय, .१७७ (४.५ मिमी) मध्ये. दुकानात एक तुर्की बनावटीची बुलपप हातात घेऊन पाहिली. अक्रोडाचा दस्ता, कॉक करायला बाजूला लिव्हर, १४ छर्‍यांचं मॅगझिन, २०० सीसीची टाकी २०० बारपर्यंत (बार म्हणजे हवेच्या दाबाचं एकक) भरायची, रेग्युलेटर (व्हॉल्व्हपर्यंत दाब एकसारखा ठेवणारा भाग) नाही. किंमत साधारण ४०० पौंड. तेवढ्याच पैशांत सेकंडहँड, साध्या दस्त्याची, रेग्युलेटरवाली रायफल मिळू शकते.

वापर असा: क्लबात २५ यार्डांवर कागदी टार्गेट, आणि जमलं तर पुढे एचएफटी (हंटर फील्ड टार्गेट, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवरच्या लक्ष्यांची स्पर्धा). दिसायला बुलपप जबरदस्त आहे हे मान्य, पण पैसे वसूल होतील का? ट्रिगर आणि दुर्बिणीची उंची या दोन गोष्टींबद्दल उलटसुलट ऐकलंय. ढोबळ नको, आकड्यांत सांगा.

हवाबंद

बुलपपमध्ये ॲक्शन (छर्रा भरून सोडणारी यंत्रणा) ट्रिगरच्या मागे, गालाखाली सरकवलेली असते. त्यामुळे नळी तेवढीच राहते आणि एकूण लांबी १०० सेंमीवरून ७०-७५ सेंमीवर येते. फायदा एवढा एकच. गाडीतून बाहेर नेम धरणारा, झुडपात बसणारा, शेताच्या कुंपणावरून ये-जा करणारा, अशांना तो रोज उपयोगी पडतो. क्लबच्या बाकावर २५ सेंमी वाचवून तुम्ही काय करणार?

उलट बाकावर ती अडचणीचीच. वजन मागे, खांद्याशी असतं आणि पुढचा दस्ता आखूड, त्यामुळे सँडबॅगवर ठेवली की नाक वर करते. बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावला तरी तो हाताच्या फार जवळ येतो. उभ्याने मारताना मात्र हेच मागे आलेलं वजन सुखाचं वाटतं, ते नाकारत नाही.

ट्रिगरचं दुखणं खरं आहे आणि त्याचं कारण साधं आहे. साध्या रायफलीत ट्रिगरचं पातं थेट सिअरला (हॅमर अडकवून ठेवणार्‍या खटक्याला) भिडतं. बुलपपमध्ये मधे १५-२० सेंमीची सळई किंवा पट्टी असते. महाग बुलपपमध्ये ती ताठ, सरळ आणि नीट आधारलेली असते. स्वस्तात ती दाबलेल्या पत्र्याची, भोकं सैल, आणि दस्त्याच्या आतल्या बाजूला घासणारी. बोटाला काय जाणवतं? पहिली स्टेज (ट्रिगरचा सुरुवातीचा हलका प्रवास) लांब, मग कुठेतरी चिखलात रुतल्यासारखं, आणि सुटण्याची जागा दर वेळी वेगळी. ट्रिगर ओढायला लागणारं वजन गेजवर कमी दिसतं, म्हणून जाहिरातीतला आकडा बघून फसू नका. सुटण्याची जागा तीच राहते का ते बघा.

दस्ता काढून सळई जिथे घासते तिथे चकाकी आलेली दिसते. तेवढीच जागा १००० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करून पिनांना मॉलिब्डेनम ग्रीसचा ठिपका दिला की निम्मी खरखर जाते. सिअरला कानस लावायची नाही. तिथला पृष्ठभाग कडक केलेला असतो, वरचा थर गेला की काहीशे छर्‍यांत कोपरा गोल होतो आणि रायफल आपोआप सुटायला लागते.

जाता जाता: ब्रिटिश फौजेची एल८५ ही बुलपप रायफल डाव्या खांद्यावरून मारता येत नाही, कारण काडतुसाची केस तोंडाशी उडते. एअर रायफलीत केसच नाही, त्यामुळे डावरे वापरू शकतात. फक्त लिव्हर कुठल्या बाजूला आहे ते बघायचं.

उंच_माउंट

दुर्बिणीबद्दल मी लिहितो. बुलपपमध्ये गाल ॲक्शनवरच टेकतो, म्हणून डोळा वर जातो आणि दुर्बीण नळीच्या मध्यापासून ७० मिमीच्या आसपास बसते. साध्या रायफलीत हे अंतर ४० मिमीच्या आसपास असतं.

हिशोबासाठी ८.४४ ग्रेनचा छर्रा, ७८० फूट प्रति सेकंद, झीरो (जिथे छर्रा बरोबर नेमावर लागतो ते अंतर) ३० यार्डांवर धरू. १० यार्डांवर साध्या रायफलीचा छर्रा १ सेंमीच्या आत खाली लागतो, बुलपपचा जवळजवळ ३ सेंमी. ८ यार्डांवर बुलपपचा छर्रा साडेतीन सेंमीपेक्षाही खाली लागतो. एचएफटीत ८ यार्डांपासून लक्ष्यं असतात, त्यांत नेम धरायचं भोक लहान, आणि मधे दुर्बिणीचे नॉब फिरवायला बंदी. म्हणजे रेटिकलच्या (दुर्बिणीत दिसणार्‍या रेघांच्या) खालच्या कोणत्या रेघेवर ते भोक ठेवायचं हे पाठच असावं लागतं.

पण लोक फक्त हीच बाजू सांगतात. त्याच हिशोबात २० ते ३२ यार्डांपर्यंत बुलपपचा छर्रा नेमाच्या रेषेपासून जेमतेम ४-५ मिमी सरकतो, आणि ४० यार्डांवर तो १६ मिमी खाली असतो तेव्हा साध्या रायफलीचा २६ मिमी खाली गेलेला असतो. तुमच्या २५ यार्डांच्या कागदाला उंचीचा काडीचाही त्रास नाही. झीरो २५ वर करा, विसरून जा.

एक तोटा मात्र राहतोच: उंच दुर्बीण असल्यामुळे रायफल थोडी तिरकी धरली की चूक खूप वाढते.

तिरकस

उंच_माउंट, बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य नाही. ही गोष्ट इतक्या वेळा ऐकवली जाते की खरी वाटायला लागते.

झीरोच्या अंतरावर तिरकेपणाची चूक छर्रा किती खाली पडतो त्यावर ठरते, दुर्बीण किती उंच आहे त्यावर नाही. ३० यार्डांवर हा छर्रा साधारण ७५ मिमी पडतो. ५ अंश तिरकी धरली तर बाजूला ६-७ मिमी. दुर्बीण ४० मिमीवर असो वा ७० वर, उत्तर तेच. झीरोच्या अलीकडे-पलीकडे उंचीचा थोडा वाटा येतो, पण तो एक-दोन मिमीचा. बुलपपमध्ये लोक चुकतात ते वेगळ्या कारणाने: आखूड, मागे जड बंदूक हातात गोल फिरते आणि तिरकी झालेली कळत नाही. दुर्बिणीच्या नळीवर बबल लेव्हल लावा, प्रश्न मिटला.

उंच_माउंट

बरोबर आहे, कागदावर मांडून पाहिलं. मागे घेतो.

बारमोजणी

रेग्युलेटर नाही याकडे कोणी वळलंच नाही, आणि माझ्या मते निर्णय तिथेच आहे.

रेग्युलेटर नसलेल्या पीसीपीत टाकीतला पूर्ण दाब थेट व्हॉल्व्हवर असतो. दाब जास्त असताना तो व्हॉल्व्हला घट्ट धरून ठेवतो, हॅमरच्या (व्हॉल्व्हवर आपटणार्‍या ठोकळ्याच्या) ठोक्याने तो कमी वेळ उघडतो, वेग कमी येतो. दाब उतरत गेला की व्हॉल्व्ह जास्त उघडतो, वेग चढतो. मग एका टप्प्यानंतर हवाच पुरत नाही आणि वेग घसरतो. आलेख टेकडीसारखा. समजा २०० बारला ७४०, १७० ला ७७५, १४० ला ७८५, ११० ला ७७० आणि ९० ला ७२० फूट प्रति सेकंद. अशा रायफलीत २०० पर्यंत भरणं म्हणजे पहिले तीसेक छर्रे वाया घालवणं. ७४० आणि ७८५ मधला फरक २५ यार्डांवर साधारण ६ मिमी उंचीचा होतो, आणि ग्रुप उभा लांबट दिसतो. माणूस नळीला दोष देतो, छर्रे बदलत बसतो.

म्हणून पहिलं काम: क्रोनोग्राफ (छर्‍याचा वेग मोजणारं यंत्र). पूर्ण भरा, दर ५ छर्‍यांना दाब आणि वेग वहीत लिहा, थांबू नका, ९० बारपर्यंत जा. ज्या पट्ट्यात वेग १५ फुटांच्या आत खेळतो तो तुमचा पट्टा. वरच्या उदाहरणात १७० ते ११०. इथून पुढे १७० लाच भरायचं, गेजवर मार्करने खूण करून ठेवा.

किती छर्रे मिळतील? ६० बार गुणिले ०.२ लिटर म्हणजे १२ लिटर हवा. या ताकदीला एका छर्‍याला सुमारे ०.२ लिटर लागते, म्हणजे ६० च्या आसपास. चार मॅगझिनं. क्लबच्या कार्डाला भरपूर.

कायद्याचा भागही इथेच येतो. फूट-पाउंड = वेगाचा वर्ग × ग्रेन ÷ ४,५०,२४०. ८.४४ ग्रेन ७८० ने गेला तर ११.४, ८०० ने गेला तर बरोबर १२. पीसीपीत जड छर्‍याला जास्त ऊर्जा मिळते, स्प्रिंगवाल्या बंदुकीच्या उलट. हलक्या छर्‍याने ११.८ दाखवणारी रायफल १०.३४ ग्रेनच्या छर्‍याने १२ ओलांडू शकते, आणि मग ती सर्टिफिकेटशिवाय बाळगणं हाच गुन्हा. मोजणी टेकडीच्या माथ्यावर, तुमच्याकडच्या सर्वात जड छर्‍याने करा. तिथे ११.५ च्या वर दिसलं तर स्वतः खोलत न बसता दुकानदाराकडे परत.

लेस्टरवासी

वा, एवढ्या आकड्यांची अपेक्षा नव्हती. हवा भरण्याचा खर्च किती धरू? आणि दुकानात काय काय तपासू?

बारमोजणी

हातपंपाने ११० चे १७० करायला शंभरच्या आसपास हापसे लागतात. पंप तापतो, ओल आत जाते, टाकी आतून गंजते. दर ५० हापशांना थांबून पंपाचा ब्लीड स्क्रू उघडायचा. ३ लिटर, ३०० बारची बाटली घेतलीत तर पुस्तकी हिशोबाने ३०० ते १७० मध्ये ३९० लिटर, म्हणजे ३२ भरण्या. प्रत्यक्षात ३०० बारला हवा त्या हिशोबापेक्षा कमी मावते, २५ धरा. बाटलीची चाचणी दर ५ वर्षांनी, ती तारीख खांद्यावर ठोकलेली असते. जुनी घेताना आधी ती वाचा. बाटली, दुर्बीण, माउंट मिळून रायफलीइतकाच खर्च येतो असं धरून चाला, म्हणजे ४०० ची बुलपप ४०० ची राहत नाही.

हवाबंद

दुकानात या क्रमाने.

आधी दुर्बीण लावलेली रायफल डोळे मिटून खांद्याला लावा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसायला हवं. मान ताणावी लागली तर माउंट उंच-बुटका करून बघा. तरीही जमत नसेल तर ती तुमच्या चेहर्‍याची नाही, तिथेच सोडा.

मग लिव्हर. खांद्यावरून न उतरवता ओढता येते का? बर्‍याच बुलपपमध्ये लिव्हर गालाच्या मागे येते आणि प्रत्येक छर्‍याला रायफल खाली घ्यावी लागते. अर्धवट ओढून परत ढकलली तर नळीत दोन छर्रे जातात, तेव्हा अँटी-डबल (दुसरा छर्रा भरू न देणारी सोय) आहे का विचारा.

दुकानदाराच्या परवानगीने, मॅगझिन काढून, नळीत छर्रा नाही याची खात्री करून, सुरक्षित दिशेला कॉक करा आणि दस्त्याच्या मागच्या रबरावर तळहाताने दोन-तीन दणके द्या. सुटली तर परत ठेवा. पहिल्या स्टेजचा स्क्रू जास्त फिरवलेल्या सेकंडहँड रायफलीत हे हमखास दिसतं.

नळी आणि टाकी एका कड्याने बांधलेली असेल तर त्याचे ग्रब स्क्रू (डोकं नसलेले छोटे स्क्रू) बघा. दाब बदलला की टाकी किंचित ताणते आणि कडं नळीला ओढतं, झीरो सरकतो. कडं नळीला हलकं धरणारं हवं, आवळलेलं नको.

शेवटी गळती. भरल्यावर लगेच दाब वाचू नका, हवा गरम असते, तासाभराने ५-१० बार उतरणारच. तासानंतरचा आकडा लिहा आणि २४ तासांनी पुन्हा बघा. दुकानदाराला आदल्या दिवशी भरून ठेवायला सांगता येतं. नळीच्या तोंडाला फुगा लावला आणि तो फुगला तर व्हॉल्व्ह गळतोय. भरायच्या भोकाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे आले तर तिथला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह.

मुळशीकर

एक प्रश्न घुसडतो. अशी रायफल परत येताना भारतात आणता येईल का? आपल्याकडे २० जूलची मर्यादा, आणि १२ फूट-पाउंड म्हणजे १६.२७ जूल. बसतंय की!

तिरकस

ऊर्जा बसली म्हणजे आयात बसली असं नाही. आर्म्स रूल्स २०१६ मधली २० जूल आणि ४.५ मिमीची रेघ लायसन्सपुरती आहे. देशात आणण्याचं प्रकरण डीजीएफटी (परदेशी व्यापार महासंचालनालय) आणि कस्टम्सच्या हातात. लेखी परवानगी हातात नसताना सामानात टाकून आणू नका. आणि .२२ असेल तर ४.५ मिमीची अटच मोडते.

लेस्टरवासी

मुळशीकर, निदान माझा तरी आणायचा विचार नाही! सध्या कल सेकंडहँड साध्या रायफलीकडे झुकलाय, पण शनिवारी बुलपप पुन्हा खांद्याला लावून बघणारच. सेकंडहँडमध्ये रेग्युलेटर खराब आहे हे कसं ओळखू?

बारमोजणी

क्रोनोग्राफ सोबत न्या. सलग १० छर्रे मारा, मग १५ मिनिटं रायफल बाजूला ठेवून अकरावा मारा. अकरावा १० च्या सरासरीपेक्षा १५-२० फुटांनी वेगळा आला तर रेग्युलेटर रांगतोय, म्हणजे थांबल्यावर रेग्युलेटरच्या पुढचा, व्हॉल्व्हकडचा दाब हळूहळू चढतोय. बहुतेक वेळा सीटवर कचरा किंवा आतली ओ-रिंग चिरलेली. दुरुस्ती स्वस्त आहे, पण टाकी पूर्ण रिकामी करून, फक्त सिलिकॉन ग्रीस वापरून. साधं तेल या दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं. पहिल्या १० मध्येच वेग एकसारखा उतरत गेला तर टाकीचा दाब रेग्युलेटरच्या सेटिंगच्या खाली आहे, आधी भरून मग पुन्हा मोजा.

आणि एक टिश्यू पेपर खिशात ठेवा. त्याची पट्टी ब्रीचशी (छर्रा जिथून नळीत जातो तिथे) धरून मारा. पट्टी उडाली तर प्रोबची (छर्रा नळीत ढकलणार्‍या दांड्याची) ओ-रिंग गेलेली. ती एका पौंडाच्या आत येते, पण तेवढ्यावरून भाव वीसने उतरवता येतो.