मदत हवी आहे: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं पास, तरी ऑर्डरचे ईमेल स्पॅममध्ये

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात वेबसाइट बनवायचं आणि सांभाळायचं काम करतो. बारा वर्षं झाली, पण या वेळी अडकलोय.

देवगडचे एक आंबा बागायतदार माझे जुने गिऱ्हाईक. मी त्यांना काकाच म्हणतो. त्यांची वर्डप्रेस आणि वूकॉमर्सची साइट मीच केलेली. या हंगामात ऑर्डर नोंदवल्याचा आणि पेटी निघाल्याचा, असे दोन्ही ईमेल जीमेलवाल्या गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडतायत.

पेटी निघाल्याच्या मेलमध्ये एक सूचना असते: पेटी हातात पडताच उघडा, आंबे गवतावर एका थरात पसरा. आंबा झाडावरून उतरवतात तो कच्चा, वाटेत पिकायला लागतो आणि बंद पेटीत उष्णता कोंडते. ठाण्याच्या एका आजींना मेल दिसलाच नाही. त्यांनी पेटी दोन दिवस तशीच पलंगाखाली ठेवली. त्यांच्या नातवाने फोटो पाठवला, त्यात खालच्या थरातले आंबे देठापाशी काळे पडलेले. काकांनी दुसरी पेटी विनामूल्य पाठवली. मला फोनवर एवढंच म्हणाले, "लोक माका चोर समजतत रे." तेव्हापासून मला चैन नाही.

आतापर्यंत काय तपासलं ते सांगतो. (नवख्यांसाठी: एसपीएफ म्हणजे डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरना आहे त्याची यादी, डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, आणि डीमार्क म्हणजे ही दोन्ही 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळतात का, याची तपासणी.) जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं तर एसपीएफपुढे परमएरर, म्हणजे नोंदच चुकीची. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफच्या दोन वेगळ्या टीएक्सटी नोंदी निघाल्या: एक होस्टिंगची, दुसरी न्यूजलेटरची सेवा जोडताना मीच घातलेली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन्ही एकत्र केल्या, परमएरर गेला.

डीकेआयएमने मात्र माझा आठवडा खाल्ला. न्यूजलेटरच्या मेलवर डीकेआयएम पास दिसत होतं, तरी डीमार्क फेल. कारण सही होती सेवा देणाऱ्या कंपनीच्या डोमेनची, काकांच्या डोमेनची नव्हे. 'फ्रॉम'मधलं डोमेन आणि सहीचं डोमेन जुळलं नाही, तर त्या पासचा डीमार्कला उपयोग नसतो. काकांच्या डोमेनची डीकेआयएम की (किल्ली) घातली आणि तेही जुळलं. चौकशीच्या फॉर्ममध्ये 'फ्रॉम'ला गिऱ्हाइकाचाच पत्ता जात होता, तो 'रिप्लाय-टू'मध्ये हलवला. डीमार्क सध्या पी=नन वर, म्हणजे नापास मेलही न अडवण्यावर, ठेवलंय. आता तिन्ही पास आहेत.

तरी स्पॅम.

माझा संशय काकांच्या यादीवर आहे. प्रदर्शनातल्या वह्या, व्हिजिटिंग कार्डं, जुन्या ऑर्डरी असं करत 6,100 पत्ते जमलेत. मार्चमध्ये 'हापूस सुरू झाला' हा मेल त्यांच्या मुलाने एका रात्रीत सगळ्यांना पाठवला. फेब्रुवारी 2024 पासून गूगलचा नियम असा की 24 तासांत एका डोमेनवरून वैयक्तिक जीमेल पत्त्यांवर 5,000च्या आसपास मेल गेले, की तुम्ही बल्क सेंडर, म्हणजे घाऊक मेल पाठवणारे. एकदा ठरलात की कायमचे. सबडोमेनवरून पाठवलेलेही मूळ डोमेनच्याच खात्यात मोजतात. स्पॅम तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात, खरं तर 0.1च्याही खाली. पोस्टमास्टर टूल्समध्ये (पाठवणाऱ्यांना तक्रारींचे आकडे दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात) एरवी काही दिसत नाही, कारण आमचे मेल थोडे. पण त्या रात्रीनंतर एकच ठिपका उमटला: 0.9 टक्के.

आता माझे प्रश्न. ऑर्डरचे मेल एका सबडोमेनवर आणि जाहिरातीचे दुसऱ्यावर, असं ऐन हंगामात हलवणं शहाणपणाचं आहे का? नव्या सबडोमेनची पत (मेल पाठवणारा म्हणून विश्वास) तयार व्हायला वेळ लागतो, आणि आमच्याकडे वेळ मे अखेरपर्यंतच. की जाहिरातीचे मेल पूर्ण थांबवून आहे त्याच डोमेनवर ऑर्डरचे मेल जाऊ द्यावेत? तुमच्यापैकी कुणी असं केलं असेल, तर पत सावरायला किती दिवस लागले ते सांगा.

दुसरं, यादीचं. गेल्या दोन हंगामांत ज्यांनी खरंच पेटी घेतली तेवढेच ठेवायचे, असं माझं मत. असे साधारण 900 निघतात. काकांना बाकीचे पत्ते सोडवत नाहीत. त्यांना ती आयुष्यभराची ओळखपाळख वाटते आणि ते मला समजतं. उरलेल्यांना 'मेल हवा का' असं एकदा विचारून बघावं, की त्यातून तक्रारी आणखी वाढतील?

एसएमएसचाही विचार केला, पण त्यासाठी डीएलटीवर (धंद्याच्या एसएमएससाठीच्या नोंदणी व्यवस्थेवर) हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि टेम्प्लेट, म्हणजे मजकुराचा साचा, यांची नोंदणी आली. एकट्याच्या नावावरच्या छोट्या धंद्यासाठी ती कुणी अलीकडे केली असेल, तर कागदपत्रं कुठली लागली ते कळवा. तोवर मी 'थँक यू' पानावरच पेटी उघडण्याची सूचना मोठ्या अक्षरात टाकलीय आणि काकांची सून रोज संध्याकाळी त्या दिवशी निघालेल्या प्रत्येक पेटीमागे एक फोन करते. काल तिने 43 फोन केले. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात हा आकडा तिप्पट होतो, तेव्हा जे करायचं ते त्याआधी करायला हवं.

मेलचे हेडर किंवा डीएनएसच्या नोंदी बघायच्या असतील तर सांगा, डोमेनचं नाव झाकून इथेच टाकतो.