चोर पकडला, दाबून धरला आणि तो मेला. याला काय म्हणायचं?

भांडुपकर_काका:
मंडळी, आमच्याच बिल्डिंगमधलं आहे, दोनेक पावसाळे झाले. केस चालू आहे म्हणून नावगाव विचारू नका. रात्री अडीचच्या सुमाराला वॉचमनने गच्चीवरून उतरणारा एक जण धरला, गोणीत एसीची कापलेली तांब्याची पाइपं. गर्दुल्ला, अंगात हाडं सोडून काही नाही. आरडाओरडा ऐकून चार पोरं खाली आली, त्यातली दोन माझ्या डोळ्यांसमोर मोठी झालेली, गणपतीची वर्गणी मागायला येणारी. मी पण गेलो, बनियनवरच. मारलं का? दोनचार कानाखाली, हो. पण तो माराने नाही मेला. एकदा सुटून गेटपर्यंत पळाला होता म्हणून पालथा पाडला, हात मागे पिरगाळले, एक जण पायांवर आणि एक पाठीवर बसला. ११२ला फोन केला, गाडी यायला वीसेक मिनिटं गेली असतील. तो आधी आईबहिणीवरून शिव्या देत होता, मग "दम लागतोय, दम लागतोय", मग गप्प. पाठीवरचा पोरगा म्हणाला, "बघा, आला लाईनवर."
पोलिसांनी सरळ केला तेव्हा कळलं.
माझ्या मते पोरं खुनी नाहीत. पण बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळे "अपघात, अपघात" करतायत तेही गळी उतरत नाही. अपघात म्हणजे स्लॅब पडतो तो. इथे माणूस आमच्या ताब्यात होता.

लटकंती_एक्सप्रेस:
काका रागावू नका पण एसी रूममध्ये बसून दया सुचते. माझ्या बहिणीला कुर्ला-सायनच्या मध्ये फटका मारला होता, लोकलच्या दारात उभी होती, गाडी सिग्नलला स्लो झाली, खालून काठी आली आणि मोबाईल गेला. मोबाईल गेला ते सोडा, मनगटात अजून प्लेट आहे, आणि तोल गेला असता तर? पब्लिक धरत नाही म्हणून ह्यांची डेरिंग वाढते. आता धरणाऱ्याला पण आत टाकलं तर उद्या कोण हात लावेल, सगळे खिडकीतून व्हिडिओ काढतील. रात्री अडीचला चोरी करायला त्याला कोणी आमंत्रण दिलं नव्हतं.

भांडुपकर_काका:
एसी आमचाच कापला होता हो, पाइप माझी होती. असो.

कोर्टवाली_ताई:
थोडं कायद्याचं सांगते कारण दोन्ही बाजूंनी कायपण चाललंय. पकडणं हा गुन्हा नाही. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये (जुनं ४३) साध्या नागरिकाला अटक करता येते, अट एवढीच की गुन्हा तुमच्यासमोर घडलेला, दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र पाहिजे, आणि त्याला उगाच वेळ न काढता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करायचं. मालमत्तेच्या बचावाचा हक्क पण आहे, पण न्याय संहितेचं कलम ३७ म्हणतं की गरजेपेक्षा जास्त इजा नको. गोणी हातात आली तेव्हा मालमत्तेचा बचाव संपला. पुढची वीस मिनिटं बचाव नव्हता, पहारा होता.
आता कलम कुठलं लागेल. निष्काळजीपणाने मृत्यू, १०६(१), यात आधी दोन वर्षं होती ती आता पाच झालीत. किंवा सदोष मनुष्यवध, १०५, म्हणजे मारायचं नव्हतं पण असं केलं तर मरू शकतो हे माहीत होतं. सगळी लढाई त्या "माहीत होतं" वर होते. पाच जणांनी मिळून मारलं तर मॉब लिंचिंगचं १०३(२), असं कोणीतरी लिहील म्हणून आधीच सांगते, ते जात, समाज, भाषा, जन्मस्थान असल्या कारणावरून केलेल्या खुनाला आहे.

बोरिवली_स्लो:
ताई दखलपात्र-अदखलपात्र हे वॉचमनला रात्री अडीचला कसं कळणार? पाच हजाराच्या आतली साधी चोरी आता अदखलपात्र आहे असं मी वाचलंय. म्हणजे आधी तांब्याचा भाव बघायचा, वजन करायचं आणि मग चोर धरायचा?? कायदा करणाऱ्याने कधी गच्चीवर चोर बघितला नसेल.

कोर्टवाली_ताई:
हा तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. राहत्या घरातल्या चोरीला वेगळं आणि कडक कलम आहे त्यामुळे इथे पोरं बहुतेक वाचतील, पण गोंधळ आहे हे खरं. फक्त लक्षात घ्या, धरल्याबद्दल पोरांवर केस नाहीये. कसं धरलं त्यावर आहे.

रात्रपाळी_सिस्टर:
कॅज्युअल्टीला सोळा वर्षं काढली, पब्लिकने पकडलेले असे बरेच बघितलेत म्हणून लिहिते. श्वास घ्यायला छाती आणि पोट दोन्ही फुगावं लागतं. पालथा माणूस, खाली फरशी, वर साठसत्तर किलोचा पोरगा, फुगायला जागाच नाही. त्यात तो पळालेला, झटापट केलेली, म्हणजे शरीराला हवा नेहमीपेक्षा जास्त हवी. मग हवेसाठी तडफडतो, आणि वरच्याला वाटतं हा जोर करतोय, तो अजून दाबतो. बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे असं लोक धरून चालतात, ते पण खरं नाही, दोन शब्द निघण्यापुरती हवा वेगळी आणि जगण्यापुरती वेगळी. आणि गप्प झाला की लोक म्हणतात शांत झाला. त्याच क्षणी उठायचं असतं. कुशीवर करा, बसवा, हात बांधायचे तर बांधा, पण छातीवर, पाठीवर, मानेवर वजन नको. याला डिग्री लागत नाही. आणि ज्यांना खूप मार पडतो ते कधीकधी चालत येतात आणि एकदोन दिवसांनी किडनीने जातात, ठेचलेल्या स्नायूंतलं द्रव्य किडनीत जाऊन बसतं. तेव्हा "आमच्यासमोर तर ठीक होता" हे आम्ही फार ऐकतो.

लटकंती_एक्सप्रेस:
सिस्टर ज्ञान बरोबर आहे तुमचं पण हे शिकवलंय कोणी? शाळेत? सोसायटीत? फायर ड्रिल पण होत नाही आमच्याकडे. ज्याला माहीतच नाही त्याला "माहीत होतं" कसं म्हणणार. न्यूयॉर्कच्या मेट्रोमध्ये मे २०२३ ला एकाने डब्यात धमक्या देणाऱ्याला मागून गळ्याला धरलं, तो मेला, आणि डिसेंबर २०२४ ला ज्युरीने धरणाऱ्याला निर्दोष सोडलं. तो तर एक्स-मिलिटरी होता, ट्रेनिंग घेतलेला. आमची पोरं कॉलेजची.

कोर्टवाली_ताई:
तिथेही गळा काही मिनिटं सुटला नव्हता आणि निम्मं शहर निकालावर नाराज होतं. शिवाय आपल्याकडे ज्युरी नाही. ह्याच मुंबईत १९५९ ला बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नेव्हीवाल्या नानावटीला ज्युरीने ८-१ ने निर्दोष म्हटलं होतं, हायकोर्टाने जन्मठेप दिली. पब्लिकला काय वाटतं त्यावर पोरांनी भरवसा ठेवू नये.

गिरगावचा_पक्या:
तुकाराम ओंबळेंनी कसाबला धरला तेव्हा कलम बघितलं होतं का? अंगावर गोळ्या घेतल्या पण बंदूक सोडली नाही. ह्याला म्हणतात धरणं. आणि आपण इथे गर्दुल्ल्याच्या श्वासावर चर्चा करतोय.

बोरिवली_स्लो:
पक्या भाऊ, एके-४७ आणि तांब्याची पाइप एकाच तराजूत? आणि तुम्हीच उदाहरण काढलंय म्हणून, कसाब जिवंत हाती लागला म्हणून तर खटला झाला, सगळं बाहेर आलं आणि २०१२ ला फाशी झाली.

धुळ्याची_पोर_मुंबईत:
मी एवढंच सांगते की १ जुलै २०१८ ला आमच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. भिक्षा मागणारे नाथपंथी डवरी गोसावी. कोणी काही चोरलं नव्हतं. काकांची केस तशी नाही, मला कळतंय, तिथे मारायचंच होतं. पण "संशयित" हा शब्द लोक कुणालाही चिकटवतात हो. माझा मामेभाऊ परातीत भांडी घेऊन फिरतो, जुन्या कपड्यांवर, नवीन एरियात गेला की आधी वॉचमनला आधार कार्ड दाखवतो.

लटकंती_एक्सप्रेस:
ते वाईटच झालं, त्याला कोण बरोबर म्हणतंय. पण इथे माल गोणीत होता.

भांडुपकर_काका:
पोस्टमॉर्टेममध्ये फुफ्फुसं आधीच टीबीने गेलेली निघाली. पोरांचा वकील त्यावरच जोर देतोय, की धडधाकट माणूस मेला नसता.

कोर्टवाली_ताई:
हा वाद इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. मलेरियाने प्लीहा वाढलेला कुली, साहेबाने लाथ मारली, प्लीहा फुटली, कुली मेला, साहेब दंड भरून घरी. आजार माहीत नसेल तर खून होत नाही हे खरं, पण मृत्यू तुमच्यामुळे झाला नाही असंही होत नाही. आणि काका, तुम्ही म्हणालात तो "दम लागतोय" म्हणत होता. ते कोणी कोणी ऐकलं हे कोर्टात येणारच. तुमचा जबाब झालाय का?

भांडुपकर_काका:
झालाय. त्यात "आवाज चालू होता" एवढंच आहे, काय म्हणत होता ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाठीवर बसलेला पोरगा जामिनावर आहे. परवा लिफ्टमध्ये भेटला, दोघंच होतो. म्हणाला, "काका, तो गप्प झाल्या झाल्या मी उठलो होतो ना? तुम्ही बघितलंय ना?"
तो उठला नव्हता. आणि मी पण ऊठ म्हटलं नव्हतं.

रात्रपाळी_सिस्टर:
मग तुम्ही काय म्हणालात?

भांडुपकर_काका:
म्हटलं, तिसरा आला, उतर.