मदत हवी आहे: प्रायव्हेट ५जी फॅक्टरीवाल्यांच्या गळी कसं उतरवायचं?

सिग्नलशोधक
जरा लवकर उत्तर हवंय, मंगळवारी मीटिंग आहे. आमची कंपनी प्रायव्हेट ५जी नेटवर्क लावून देते, म्हणजे रेडिओ, कोअर (नेटवर्कचा मेंदू), सिम सगळं कारखान्याचं स्वतःचं. मी प्री-सेल्सला आहे. चार ठिकाणी प्रेझेंटेशन दिलं आणि चारही ठिकाणी तेच, "छान आहे हो, पण आमच्याकडे वायफाय आहे ना." मग कुणीतरी म्हणतं पायलट फुकट करून दाखवा, आणि त्यानंतर फोनच उचलत नाहीत. डेकमध्ये सगळं टाकलंय, १ मिलिसेकंद लेटन्सी (डेटा पोचायला लागणारा वेळ), गिगाबिट स्पीड, एका चौरस किलोमीटरला १० लाख डिव्हाइस, रोबोटचा व्हिडिओ पण आहे. चालणारा पिच असेल कुणाकडे तर द्या. ४२ स्लाइड आहेत, कमी करा म्हणू नका, बॉसने पास केल्यात.

नटबोल्ट
कारखाना कसला? प्रेस शॉप, केमिकल, की नुसतं गोडाऊन? समोर कोण बसतं, आयटी की प्लँट हेड? एरिया किती? आत्ताचं वायफाय नक्की कुठे रडतंय? यातलं काहीच लिहिलं नाही आणि औषध मात्र लगेच पाहिजे.

निवांत७
५जी चालू ठेवलं की बॅटरी भराभर उतरते. सेटिंगमध्ये जाऊन ४जीवर टाका, मला फरक पडला.

वायफायभक्त
ग्राहक बरोबर बोलतोय की. वायफाय ६ आलं, कुठे कुठे ६ गिगाहर्ट्झचा अख्खा नवा पट्टा मोकळा झाला, साइट सर्व्हे नीट केला तर ९०% कामं त्यावर होतात. लोक सर्व्हे न करता छताला अ‍ॅक्सेस पॉइंट ठोकतात आणि मग टेक्नॉलॉजीला शिव्या घालतात. तुम्ही लोक उगाच सिमकार्ड विकायला निघालाय.

सिग्नलशोधक
@नटबोल्ट, गाड्यांचे पार्ट बनवतात. दोन मोठ्या शेड आणि मध्ये उघडं यार्ड. समोर आयटी मॅनेजर असतो, प्लँट हेड एकदाच आला आणि दहा मिनिटांत उठून गेला. पण हे सगळ्यांना माहीतच असतं ना, पिच कसा करायचा ते सांगा.

शॉपफ्लोअरकाका
दहा मिनिटं बसला हेच खूप झालं. मी मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलंय, व्हेंडरचे असले डेक ढिगाने बघितले. प्लँट हेडच्या डोक्यात एकच मीटर चालू असतो, लाइन किती मिनिटं थांबली. त्याला गिगाबिट काय करायचंय? शिफ्ट बदलताना गाडी यार्डात अडकली तर त्याला वर उत्तर द्यावं लागतं. बाळा, तुझ्या ४२ स्लाइडमध्ये "रात्री तीनला बंद पडलं तर कोण येणार" ही स्लाइड आहे का? आणि स्पेअर रेडिओ कुणाच्या कपाटात राहणार?

सिग्नलशोधक
काका नाहीये तशी स्लाइड. आणि गाडीवरून आठवलं, त्यांचा एक सुपरवायझर चहाच्या वेळी म्हणत होता की त्यांच्या एजीव्ही (ड्रायव्हरशिवाय माल वाहणाऱ्या गाड्या) एका शेडमधून दुसरीत जाताना मध्येच थांबतात, मग माणूस जाऊन रीसेट करतो. मला वाटलं तो मेकॅनिकल प्रॉब्लेम असेल म्हणून इथे लिहिलं नाही.

नटबोल्ट
अरे देवा. हाच तर धागा आहे, बाकी सगळं काढून टाक.

लेयरटू
बहुतेक मेकॅनिकल नसणारच. वायफायमध्ये एक अ‍ॅक्सेस पॉइंट सोडून दुसरा कधी धरायचा हे एजीव्हीवरचं कार्ड स्वतः ठरवतं, आणि बरीच कार्डं मेलेला सिग्नल धरून बसतात. त्यावर प्रोफीसेफसारखा सेफ्टी प्रोटोकॉल चालू असेल तर त्याला ठरलेल्या वेळात पॅकेट मिळालं नाही की तो गाडी थांबवणारच, ते त्याचं कामच आहे. सेल्युलरमध्ये हँडओव्हर (एक रेडिओ सोडून दुसरा धरणं) नेटवर्क ठरवतं, हा खरा फरक. आणि ते १ मिलिसेकंद आधी काढा हो. ते आयटीयूच्या (टेलिकॉमची आंतरराष्ट्रीय संस्था) स्पेकमधलं फक्त रेडिओच्या टप्प्याचं टार्गेट आहे. मिड-बँडवर (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात) प्रत्यक्षात पिंग मारला, म्हणजे पॅकेट जाऊन यायचा वेळ मोजला, की दहा-वीस मिलिसेकंद दिसतात, आणि त्यांच्या ऑटोमेशनवाल्याने तुमच्यासमोर पिंग मारला तर तुम्ही संपलात.

वायफायभक्त
८०२.११आर नावाची गोष्ट असते ताई. फास्ट रोमिंग. चालू करा, काम झालं.

लेयरटू
असते, आणि कार्डाला सपोर्ट लागतो. एजीव्हीवरचं जुनं कार्ड बदलायचं तर गाडी बनवणाऱ्याची परवानगी लागते. केलंय मी हे, म्हणून सांगतेय.

वायफायभक्त
मग ५जीचं मोडेम बसवायला परवानगी लागत नाही वाटतं? शिवाय ५जी आयपीवर चालतं, आणि प्रोफिनेट (मशीन जोडणारा प्रोटोकॉल) त्याखालच्या थरावर, लेयर टूवर, म्हणजे मध्ये टनेल टाका, एकाचं पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून पाठवा. तुमचं नावच लेयरटू आहे, हे तरी सांगायचं ना.

लेयरटू
लागते, आणि टनेलही लागतो, मान्य. म्हणूनच म्हणते की अख्खा कारखाना ५जीवर टाका असं विकू नका. ऑफिस, मीटिंग रूम वायफायवरच राहू दे. यार्ड आणि एजीव्हीचा रस्ता एवढंच मागा.

भटक्या_अँटेना
स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा पट्टा) कुठला वापरणार ते कुणीच विचारलं नाही! जर्मनीने ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झ थेट कारखान्यांना लोकल लायसन्सवर दिला, २०१९ पासून. अमेरिकेत सीबीआरएस नावाचा तीन थरांत वाटून वापरायचा पट्टा, ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ, त्यात जीएएवाल्याला (सगळ्यात खालच्या, सगळ्यांना खुल्या थरातल्याला) लायसन्स विकत घ्यावंच लागत नाही, पण वरच्या दोन थरांसाठी जागा सोडावी लागते, नौदलाची रडारं आहेत त्या पट्ट्यात. मला स्वतःला जर्मन पद्धत आवडते, एकदा मिळालं की आपलं.

नटबोल्ट
जर्मन पद्धतीत अर्ज भरता भरता प्रॉडक्ट बदलतं. पण धागा भरकटतोय.

हळदकुंकू_२
छान लेखन. पुलेशु.

सिग्नलशोधक
स्पेक्ट्रम आमचा ऑपरेटर पार्टनर बघतो. बरं, समजा एजीव्हीवरच बोलायचं. पण आयटी मॅनेजर फुकट पायलट मागतो त्याचं काय?

शॉपफ्लोअरकाका
फुकट पायलटला घरात वाली नसतो. थोडे का होईना पैसे घे आणि सुरू करायच्या आधी कागदावर लिही की आज एका शिफ्टमध्ये गाडी किती वेळा अडकते, आणि महिन्याने किती झाली तर ऑर्डर देणार. मोजणी तू करू नकोस, त्या सुपरवायझरला करू दे. तू आणलेला आकडा कुणी मानणार नाही, त्याचा मानतील. आणि आयटीला वगळू नकोस हं, नाहीतर शेवटच्या दिवशी तो सिक्युरिटीचा मुद्दा काढून बसेल.

लेयरटू
काकांना +१. सिक्युरिटीला सांगायचं की यूपीएफ (कोअरमधला डेटा पुढे पाठवणारा भाग) त्यांच्याच सर्व्हर रूममध्ये बसणार, मशीनचा डेटा गेटबाहेर जात नाही. आयईसी ६२४४३ चं (कारखान्यातल्या सिस्टिमच्या सिक्युरिटीचं स्टँडर्ड) नाव घ्यायचं असेल तर त्यांच्या झोनच्या ड्रॉइंगवर नेटवर्क कुठे बसतं ते दाखवून घ्या, नुसता लोगो नको.

सिग्नलशोधक
भारी. म्हणजे एजीव्ही, आणि सोबत यार्डातले हँडहेल्ड स्कॅनर पण घेतो, ते पण तुटतात म्हणे. दोन फायदे दाखवता येतील.

वायफायभक्त
स्कॅनरला सिम लागतं का बघितलंय?

सिग्नलशोधक
थांबा, डेटाशीट उघडतो.

सिग्नलशोधक
नाही लागत. फक्त वायफाय आहे.

वायफायभक्त
😄

लेयरटू
स्कॅनर सोडून द्या मग. फोर्कलिफ्टवर टर्मिनल असेल तर सिमवाला इंडस्ट्रियल राउटर लावून त्याला खालून वायफाय देता येतं, हातातल्या स्कॅनरला नाही. हे मंगळवारी त्यांनी विचारायच्या आत तुम्हीच सांगा.

शॉपफ्लोअरकाका
आणि मीटिंगच्या आधी तासभर यार्डात उभा राहा. गाडी नक्की कुठल्या खांबापाशी अडकते ते स्वतः बघ, फोटो काढायचा तर आधी विचार, कॅमेरा चालत नाही बऱ्याच ठिकाणी.

सिग्नलशोधक
सुपरवायझरला मेसेज टाकलाय, सकाळच्या शिफ्टला ये म्हणाला. ४२ स्लाइडचं बॉसला काय सांगू ते पण सुचवा कुणीतरी.

निवांत७
४जीवर टाकलंत का?