मिरजेत दवाखान्यासाठी लॉजवर राहतोय, रूमवर पार्सल आणून जेवताना काय सांभाळावं?

कोरेगावची लेक
नमस्कार. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत झालंय. रात्री तिच्याजवळ मावशी थांबते, मी आणि वडील लॉजवर. दवाखान्यातून निघायला नऊ वाजतात. तेव्हा खानावळीत बसण्याइतकं वडिलांच्यात त्राण नसतं, म्हणून पार्सल आणते. खोलीत टेबल नाही, पलंगावरच पेपर पसरून जेवतो. मग रात्रभर रश्श्याचा वास कोंडतो, वडिलांना झोप लागत नाही. त्यांना शुगर आहे. वर उरलेला भात सकाळी खाऊ म्हणतात, अन्न टाकवत नाही त्यांना. फ्रिज नाही, नुसती किटली आहे. अजून आठवडाभर तरी मुक्काम आहे. काय आणावं, कसं ठेवावं?

फिरस्ता सांगलीकर
ताई, औषध कंपनीच्या नोकरीत माझी निम्मी हयात कराड, फलटण, पंढरपूरच्या लॉजवर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भाताचं. उरलेला भात सकाळी अजिबात देऊ नका. भात शिजला तरी त्यातले काही जिवाणू बीजरूपानं टिकून राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष भात परत गरम केला तरी जात नाही. शिजलेलं अन्न बाहेर दोन तास, कडक उन्हाळ्यात तासभर, एवढंच धरून चाला. वडिलांचं मन मोडू नका, आणतानाच कमी आणा. हाफ राइस मागितला की मिळतो.

त्याहून बरं म्हणजे भाकरी. मिरजेला कर्नाटकातनं पेशंट फार येतात, त्यामुळे ज्वारीची भाकरी शोधावी लागत नाही. सोबत सुका झुणका, मुगाची उसळ, नाहीतर अख्खा मसूर, पण घट्ट द्या म्हणून सांगायचं. पातळ रस्सा रूमवर आणूच नये. सांडतो आणि वासही त्याचाच राहतो.

एक दोन पुडांचा स्टीलचा डबा आणि सुती फडकं घ्या. ऑर्डर सांगतानाच डबा काउंटरवर ठेवायचा, पार्सल बांधून झाल्यावर नाही. खालच्या पुडात उसळ, वर चटणी-कांदा, भाकऱ्या फडक्यात. गरम भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत घातली की तिला घाम सुटतो आणि खोलीवर पोचेपर्यंत तळची भाकरी चिकट होते. फडकं ती वाफ पिऊन घेतं. पेपरात गुंडाळलेलं तर घेऊच नका, छपाईची शाई अन्नाला लागते. २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला बंदीच आहे, तरी सर्रास चालतं आणि मला त्याचा फार राग येतो.

शुगरची गोळी दवाखान्यातून निघताना देऊ नका, जेवण हातात आल्यावर द्या. काही गोळ्यांनी जेवण लांबलं की शुगर झपकन उतरते. त्यांची गोळी जेवणाआधी किती वेळ घ्यायची, ते डॉक्टरांना नीट विचारून घ्या.

मिरज स्टेशन रोड
किटलीत मुगाची खिचडी होते, आमच्याकडे येणारे पाहुणे करतात. अंडीही उकडतात.

लॉजवाला, सातारा
दादा, हे कृपा करून कुणाला सुचवू नका. किटली पाण्यापुरतीच असते. दूध-डाळ तळाला करपते, तो वास जात नाही, आणि त्याच किटलीत पुढचा माणूस बाळाच्या दुधाचं पाणी तापवतो.

कोरेगावच्या ताई, मॅनेजरकडे एक स्टूल आणि दोन ताटं मागा. बऱ्याच लॉजवर असतात, पण कुणी मागतच नाही. पलंगावर जेवू नका. चादरीवर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लागला की तो लालभडक होतो. आमच्या धुणंवाल्या मावशी त्यावर हात दुखेपर्यंत ब्रश मारतात. खरं तर तो कडक उन्हात विरतो, पण गर्दीच्या दिवसांत चादर वाळवायला तेवढा वेळ कुठला. उरलेला रस्सा बेसिनमध्ये ओतू नका, तेल पाइपात थिजतं. कागदानं टिपून, पिशवीला गाठ मारून, झोपायच्या आधी खाली कचऱ्याच्या डब्यात टाका. वास त्या पिशवीचाच असतो. सकाळी खोली झाडणाऱ्या बाईलाही ते सोपं पडतं.

कोरेगावची लेक
स्टूल मिळालं, ताटंही मिळाली. आज भाकरी, उसळ, शेंगदाण्याची चटणी आणली. पिशवी खाली टाकून आले, वडील आत्ताच झोपले. फिरस्ता दादा, लॉजवाले दादा, मनापासून आभार. सकाळच्या नाष्ट्याचं काय करू? दवाखान्यात आठलाच जावं लागतं.

फिरस्ता सांगलीकर
समोर वाफेतनं काढलेली इडली किंवा गरम उपीट, तिथंच उभ्यानं खाऊन जा, खोलीवर आणू नका. इडलीची ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र सकाळची ताजी असेल तरच घ्या, ती लवकर आंबते. वडिलांच्या खिशात फुटाणे असू द्यात, दवाखान्यात नंबर लांबला तर उपयोगी पडतात. शुगर उतरल्यासारखं वाटलं, घाम आला, हात थरथरले, तर फुटाणे नाही, साखर द्यायची. तिची पुडी तुमच्या पर्समध्ये वेगळी ठेवा. आणि सांगलीचं भडंग घेतलंत तर पुडी फोडल्या फोडल्या झाकणाच्या डब्यात ओता, लॉजवर मुंग्यांना वेळ लागत नाही.