मोडी कागदपत्रे आणि नकाशे टिपण्यासाठी ४५ की ६१ मेगापिक्सेल?

कागदवेडा (प्रश्न):
सर्वांना नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका खासगी संग्रहातल्या मोडी कागदपत्रांचे, पोथ्यांचे आणि काही हस्तलिखित नकाशांचे छायाचित्रण करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बहुतेक कागद ए३ आकारात बसतात. नकाशे मात्र सुमारे तीन फूट रुंद आहेत. सध्या माझ्याकडे निकॉनचा डी८१० असून १०५ मिमीची एएफ-एस मायक्रो (अगदी जवळून टिपण्याची, म्हणजेच मॅक्रो) आणि जुनी ६० मिमीची एएफ-डी मायक्रो अशा दोन लेन्स आहेत. आता फुल-फ्रेम मिररलेस घ्यावा असे ठरवले असून सोनी ए७आर फाइव्ह (६१ मेगापिक्सेल), निकॉन झेड८ आणि निकॉन झेड७ टू (दोन्ही ४५) हे तीन कॅमेरे नजरेसमोर आहेत. ६१ मेगापिक्सेलमुळे कागदाचा पोत आणि शाईच्या कडा खरोखरच अधिक स्पष्ट येतील का, आणि तेवढ्यासाठी लेन्सही बदलणे योग्य ठरेल का? पावसाळा सरला की हाच कॅमेरा घेऊन गडांवर जायचे असते, त्यामुळे वजनाकडेही दुर्लक्ष करता येत नाही.

दप्तरखाना:
कॅमेरा ठरवण्याआधी कागदाचे माप घ्यावे, कारण या कामात एकूण मेगापिक्सेलपेक्षा कागदाच्या दर इंचावर किती पिक्सेल पडतात हे महत्त्वाचे असते. ए३ कागदाची अरुंद बाजू सुमारे ११.७ इंच असते. डी८१०च्या चित्राची उंची ४९१२ पिक्सेल आहे, म्हणजे कागद चौकटीत काठोकाठ बसवला तर दर इंचाला ४२० पिक्सेल मिळतात. झेड८ आणि झेड७ टू या दोन्हींची उंची ५५०४ पिक्सेल असल्याने तेथे ४७० मिळतील, तर ए७आर फाइव्हच्या ६३३६ पिक्सेलमुळे ५४०. दस्तऐवजांच्या कामात ४०० हे चांगले प्रमाण मानले जाते, आणि ते तर तुमचा आजचा कॅमेराच जवळपास गाठतो. कडेला रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवायची म्हटल्यावर किंचित कमी पडेल, इतकेच. दर इंचाला ४०० म्हणजे मिलिमीटरला जवळपास १६ पिक्सेल होतात, म्हणून बोरूची अर्ध्या मिलिमीटरची रेघ चित्रात ८ पिक्सेल जाडीची उमटते. मजकूर लावण्यासाठी आणि अक्षरवळण ओळखण्यासाठी एवढे पुरेसे आहे. हातकागदाचे तंतू, कसरीने पाडलेल्या छिद्रांच्या कडा किंवा खोडलेल्या अक्षराखालचे मूळ अक्षर पाहायचे असेल, तेव्हाच वरच्या पिक्सेलचा खरा उपयोग होतो.

नकाशांच्या बाबतीत तर ही चर्चा बरीचशी गैरलागू ठरते. तीन फूट रुंदीला दर इंचाला ४०० पिक्सेल हवे असतील तर १४,४०० पिक्सेल लागतात आणि ए७आर फाइव्हच्या चित्राची रुंदी ९५०४ आहे. म्हणजे कोणताही कॅमेरा घेतला तरी नकाशा तुकड्यांत टिपून जोडावाच लागणार. ६१ मेगापिक्सेलमध्ये तुकडे थोडे कमी होतील, एवढाच फरक.

लेन्सचे म्हणाल तर जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्यांना जोडणारा निकॉनचा एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावल्यावर १०५ मिमी पूर्ववत ऑटोफोकससह चालते. ६० मिमी एएफ-डीच्या आत मोटर नसल्याने तिचे ऑटोफोकस मिळणार नाही, पण कॉपी स्टँडवर (कॅमेरा कागदावर सरळ खाली रोखून धरणाऱ्या स्टँडवर) पडद्यावरची प्रतिमा मोठी करून हातानेच फोकस लावणे अधिक विश्वासार्ह असते, त्यामुळे तुमचे काहीही अडत नाही. या कामापुरते माझे मत झेड७ टूच्या बाजूने आहे. झेड८चा वेगवान सेन्सर धावत्या, उडत्या विषयांसाठी आहे, आणि स्थिर कागदासाठी त्याचे पैसे मोजण्यापेक्षा भक्कम स्टँड आणि चांगले दिवे घ्यावेत.

खलबत्ता:
वरील हिशेब बरोबर आहे, पण त्यात पिक्सेल शिफ्टचा विचार झालेला नाही. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. पिक्सेल शिफ्टमध्ये सेन्सर एकेका पिक्सेलने सरकवून चार चित्रे घेतली जातात, त्यामुळे प्रत्येक बिंदूवर तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजले जातात. बारीक विणीच्या कापडावर चिकटवलेल्या नकाशांवर एरवी उमटणारे रंगीत तरंग त्याने नाहीसे होतात. ही सोय ए७आर फाइव्हमध्ये आहे, झेड८ला ती २०२४च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने) मिळाली, आणि झेड७ टूमध्ये ती नाही. ए७आर फाइव्हमध्ये १६ चित्रांपासून २४० मेगापिक्सेलपर्यंतची प्रतिमा होते. ती संगणकावर जोडावी लागते आणि असंपीडित रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) ठेवल्यास एका पानाला जवळपास २ जीबी जागा लागते, म्हणून हजारो कागदांसाठी हा मार्ग नाही. पाच-पन्नास निवडक नकाशांसाठी मात्र मी तो आग्रहाने सुचवेन.

एक अट आहे. एका जुन्या वाड्यात माडीवर असे काम करताना मागून कोणी चालत गेले की लाकडी तक्तपोशी हलत असे आणि त्या वेळच्या जोडचित्रात अक्षरांच्या कडांवर बारीक जाळी उमटलेली दिसे. मोठे करून पाहिल्याशिवाय ती कळत नाही, म्हणून प्रत्येक जोडचित्र तेथल्या तेथे तपासावे.

कागदवेडा:
दोघांचे मनापासून आभार. संग्रह तळमजल्यावर आहे आणि खाली शहाबादी फरशी आहे, त्यामुळे कंपनांची चिंता कमी असावी. प्रकाशासाठी दोन एलईडी पॅनल आहेत. त्यांचा काही त्रास होईल का?

दप्तरखाना:
पॅनल स्वस्तातले असतील तर होऊ शकतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ए७आर फाइव्ह आणि झेड७ टू यांचे सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरवर सावकाश वाचले जातात, त्यामुळे लहान शटरवेळेला चित्रात आडवे पट्टे येतात. कॅमेरा स्टँडवर पक्का असल्याने तुम्हाला घाई नाही. पाव सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ ठेवला की लुकलुक विरून जाते. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवावेत, आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा, कमीत कमी असावा (झेड७ टू आणि झेड८मध्ये तो ६४ पर्यंत उतरतो) आणि लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६ ते एफ ८ च्या दरम्यान ठेवावे. एफ १६ला छिद्र फार लहान होऊन प्रकाश पसरतो आणि या विवर्तनामुळे ६१ मेगापिक्सेलचा फायदा उरणार नाही.

कातळकडा:
गडांपुरते बोलतो. बॅटरी धरून झेड८ ९१० ग्रॅमचा आहे, ए७आर फाइव्ह ७२३ आणि झेड७ टू ७०५ ग्रॅमचा. दिवसभराच्या चढाईत हा दोनशे ग्रॅमचा फरक मानेला आणि मनगटाला जाणवतो, आणि सह्याद्रीच्या निसर्गचित्रणात झेड८चा वेग क्वचितच कामी येतो. सोनीचाच ए७सीआर ६१ मेगापिक्सेलचा असूनही ५१५ ग्रॅमचा आहे, पण त्यात कार्डाचा खाचा एकच आहे. जो कागद पुन्हा हाती येईलच असे नाही, त्याच्या कामाला मी तो नेणार नाही.

खरेदीआधी झेड७ टू आणि ए७आर फाइव्ह दोन दिवस भाड्याने घ्यावेत. संग्रहातला एकच कागद, तेच दिवे आणि तोच एफ ८ ठेवून दोन्हींवर चित्रे काढावीत, मधला भाग सोडून चारही कोपऱ्यांतली अक्षरे पडद्यावर शंभर टक्के मोठी करून शेजारी शेजारी पाहावीत, आणि सोनीसोबत तिची ९० मिमी मॅक्रो लेन्सच मागवावी, नाहीतर तुलना कॅमेऱ्यांची न राहता लेन्सची होईल.