मदत हवी आहे: डॉल्फिन कुणाच्या शेजारी बसवायचा? शरीराचा तक्ता आणि डीएनए यांचा मेळ लागत नाहीये

नमस्कार मंडळी,

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अकरावीच्या मुलांकडून उत्क्रांतीवर एक प्रकल्प करून घेतेय, त्यात अडलेय.

प्राणी असे: गाय, डुक्कर, उंट, घोडा, पाणघोडा, डॉल्फिन, ड्यूगाँग (समुद्रगाय), हत्ती, आणि वृक्षाचं मूळ ठरवायला बाहेरचा म्हणून कांगारू. आधी केस, खूर, मागच्या पायाची बोटं, जठराचे कप्पे, रवंथ, स्तनांची जागा अशा गुणधर्मांचा ‘आहे/नाही’ तक्ता करायचा आणि त्यावरून वंशवृक्ष काढायचा. मग जेनबँकेतून (जनुकक्रमांचा खुला संग्रह) सायटोक्रोम बी जनुकाचे क्रम उतरवून, मेगा सॉफ्टवेअरमध्ये जुळवून दुसरा वृक्ष काढायचा. हे जनुक मायटोकाँड्रियातलं, ११४० अक्षरांच्या आसपासचं आणि बहुतेक सस्तन प्राण्यांचं फुकट मिळतं, म्हणून ते घेतलं.

एका गटाने डॉल्फिनची जोडी ड्यूगाँगशी लावली. मागचे पाय नाहीत, पुढचे वल्ह्यासारखे, शेपटी आडवी. डीएनएने ड्यूगाँग उचलून हत्तीशेजारी नेला. इथपर्यंत ठीक, मुलांना मजाच वाटली. दुसऱ्या गटाने डॉल्फिनशेजारी पाणघोडा बसवला आणि डीएनएही तेच म्हणतो, त्यामुळे ते जाम खूश. पण त्यांची कारणं बघा: अंगावर केस जवळजवळ नाहीत, पाण्यात राहतात, पिल्लांना पाण्याखाली पाजतात. म्हणजे विचार पहिल्या गटासारखाच, फक्त उत्तर जुळलं. मग यांना पैकीच्या पैकी आणि त्यांचे गुण कापायचे? घोडं इथेच पेंड खातंय.

शिवाय वृक्ष काढायची पद्धत बदलली की डुक्कर आणि उंट जागा बदलतात, तो वेगळाच ताप. आणि शेवटच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “मॅडम, शेवटी डीएनएचंच ऐकायचं, तर हाडं कशाला बघायची?” त्याला नीट उत्तर द्यायचंय.

विकिपीडियाचे दुवे नकोत, ते वाचून झालेत.

रिकामटेकडा: डॉल्फिन म्हणजे देवमासाच, आणि तो गायीच्या गोतावळ्यातला? आज कळलं. मदत शून्य, पण वाचनखूण साठवतो.

कातळवेडा: ताई, प्रकल्प झकास आहे. गुणांचं आधी सांगतो: जोडीला गुण देऊच नका, कारणाला द्या. दुसऱ्या गटाची जोडी बरोबर आहे, पण आधार कच्चा. देवमासे आणि पाणघोडे यांची त्वचा शरीररचना आणि जनुकं अशा दोन्ही अंगांनी तपासणारा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. त्याचा निष्कर्ष असा की पाण्यात राहण्याजोगी त्वचा दोघांकडे स्वतंत्रपणे आली. म्हणजे केस नसणं हा या नात्याचा पुरावा धरता येत नाही.

पहिल्या गटाच्या तक्त्यात माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. डॉल्फिनसमोर त्यांनी ‘मागचे पाय नाहीत’, ‘खूर नाहीत’, ‘मागची बोटं नाहीत’ अशी ओळीने नकारघंटा वाजवली असणार. ड्यूगाँगसमोरही तेच. पण हे तीन पुरावे नाहीत. पाय गेले ही एकच घटना तीनदा मोजली गेली. जे नाहीच त्याच्यासमोर ‘नाही’ न लिहिता ‘लागू नाही’ लिहायला सांगा आणि वृक्ष पुन्हा काढा. ड्यूगाँगचा ओढा बराच सैल होईल. हत्ती आणि ड्यूगाँग दोघांचे स्तन पुढच्या पायांजवळ असतात, तो रकाना मग बोलू लागेल. रवंथाचंही तसंच. उंट आणि गाय दोघं रवंथ करतात म्हणून तक्ता त्यांना एकत्र आणतो, पण उंटाची शाखा आधीच फुटलेली आहे.

सर्वमान्य क्रम असा: आधी उंट वेगळा, मग डुक्कर, मग एकीकडे गाय-हरीण-जिराफ आणि दुसरीकडे पाणघोडा-देवमासा.

तुमचा वृक्ष डळमळतो कारण सायटोक्रोम बी फार वेगाने बदलतं. पाच-सहा कोटी वर्षांत एकच जागा पुन्हा पुन्हा बदलते आणि जुन्या खुणा पुसल्या जातात, विशेषतः प्रत्येक कोडॉनचं (तीन अक्षरांच्या गटाचं) तिसरं अक्षर. ते वगळा किंवा अमिनो आम्लांचा क्रम घ्या. कांगारू फार लांबचा पडतो, त्याऐवजी हत्ती-ड्यूगाँगकडून मूळ धरा. जमलं तर केसीनचं जनुक घ्या. दुधातल्या या प्रथिनाच्या जनुकांनीच १९९० च्या दशकात देवमासा-पाणघोडा नात्याला मोठं बळ दिलं होतं.

१९९९ मध्ये आणखी भक्कम पुरावा आला. जनुकसंचात काही तुकडे स्वतःची प्रत काढून दुसरीकडे घुसतात. दोन प्राण्यांत तोच तुकडा नेमक्या त्याच जागी सापडला, तर तो समान पूर्वजाकडूनच आलेला असतो, योगायोगाला जवळजवळ वावच नाही. दोन उत्तरपत्रिकांत त्याच प्रश्नाखाली तीच चुकीची ओळ दिसली की तुम्ही काय समजता? तसंच. पाणघोडा आणि देवमासे यांच्यात असे सामायिक तुकडे सापडले.

शिक्षिका (धागालेखिका): ‘लागू नाही’ची सूचना सोन्यासारखी आहे, उद्याच करते. पण यात हाडं तर हरलीच ना? बाकावरच्या विद्वानाला काय सांगू?

कातळवेडा: हरली कुठे? जीवाश्मतज्ज्ञ बराच काळ दातांवरून देवमाशांचं मूळ मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारी प्राण्यांत शोधत होते, हे खरं. पण सप्टेंबर २००१ मध्ये पाकिस्तानातल्या पाय असलेल्या आद्य देवमाशांवर दोन शोधनिबंध एकाच आठवड्यात आले. त्यांच्या घोट्यातल्या अ‍ॅस्ट्रागॅलस हाडाला वर आणि खाली दोन्हीकडे कप्पीसारखी खाच होती. ती ठेवण फक्त समखुरी (गाय, डुक्कर, उंट अशा) प्राण्यांत असते. त्यातल्या एका निबंधाचे प्रमुख फिलिप गिंगरिच आधी मेसोनिकिडांच्या बाजूचे होते, घोटा बघून त्यांनी मत बदललं. आजच्या डॉल्फिनला घोटाच नाही, मग हे जिवंत प्राण्यांच्या तक्त्यात दिसणार कसं?

आणि आपल्याकडचं उदाहरण द्या. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळ भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांत इंडोह्यूसची हाडं होती. साधारण ४.८ कोटी वर्षं जुना, मांजराएवढा, खूरवाला प्राणी. कानाच्या हाडाची आतली कड देवमाशासारखी जाड, पायांची हाडं पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यासारखी भरीव. २००७ मध्ये तो देवमाशांच्या अगदी जवळचा म्हणून जगापुढे आला. इतक्या जुन्या हाडांत डीएनए उरत नाही. मॅमथचं दहा लाख वर्षांपलीकडचं मिळालं तेव्हा केवढा गाजावाजा झाला! इंडोह्यूसला वंशवृक्षात बसवायचं, तर हाडंच बघावी लागतात.

शिक्षिका (धागालेखिका): हे वर्गात जसंच्या तसं सांगणार. तो घोटा प्रत्यक्ष दाखवता येईल का?

कातळवेडा: अगदी सहज. खाटकाकडून बोकडाचा मागचा पाय घ्या, फक्त मागे वळलेल्या सांध्याच्या वरून तोडायला सांगा. पायासूपसाठी देतात तो बहुधा सांध्याखालून तोडलेला असतो, त्यात हे हाड येत नाही. सोडा घालून उकळा, मांस सुटलं की सुपारीपेक्षा थोडं मोठं, हातात गोल फिरवता येणारं हाड निघेल. दोन्ही टोकांच्या खाचांवरून मुलांना बोट फिरवू द्या. पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर घोड्याचं तेच हाड मागून आणा, त्याला वरच्या बाजूलाच कप्पी असते, खाली सपाट.

रिकामटेकडा: सूप मात्र वाया घालवू नका. सोडा नंतर घाला.