पद्मिनी पहाटे गप्प, ऊन आलं की लगेच स्टार्ट

डिचोलीकर:
मंडळी, 1982 ची प्रीमियर पद्मिनी कार आहे. सध्या पहाटे गारवा असतो तेव्हा सेल्फ मारला की नुसतं टक् होतं आणि डॅशचे दिवे मंद होतात, दहानंतर मात्र काही झालंच नाही अशी चालू. मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला. उगाच खर्च नको, काय तपासू?

सत्तरीवाला:
बदलण्याआधी मोजा हो! रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास पाहिजे, 12.2 असेल तर अर्धीच चार्ज आहे, आधी चार्ज करा. मग कॉइलची (स्पार्क देणारी) मधली वायर काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवा म्हणजे अर्थ करा, गाडी चालू होणार नाही, कोणालातरी सेल्फ मारायला सांगा, बॅटरीवर मीटर 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरीच खराब. नाही गेलं तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून परत सेल्फ, अर्धा व्होल्टच्या वर दाखवलं की अर्थची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) खराब. आपल्या खाऱ्या हवेत ती वरून चकाचक आणि टोकाच्या धातूच्या कडीखाली (लग) गंजून हिरवी असते. थंडीत ऑइल जड, सेल्फ जास्त करंट ओढतो, म्हणून पहाटेच रडते.

जुनागाडा:
+1, पण हे पहाटेच करा, दुपारी काय कळणार? आणि एखाद्या रिलेवर (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) संशय असेल तर पिशवीत बांधून फ्रीजरात ठेवा, सुंगटांच्या (कोळंबीच्या) शेजारी चालेल, काढून पुसून लगेच लावून बघा.

डिचोलीकर:
बॅटरी 10.4 वर टिकली, अर्थवर 1.3! पट्टी म्हापशात मिळेल की बनवून घेऊ?